पंचाहत्तर किलोची आई

कंपनीत तिला सगळे वजनताई म्हणत. कागदोपत्री तिचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण पगाराच्या चिठ्ठीखेरीज तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. विमानतळाच्या मागच्या अंगाला, सामानाच्या पट्ट्याच्या खडखडाटात, एक बिनखिडकीची खोली होती. तिथे दोन संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर, एक फोन आणि वजनताई. विमानात किती माणसं, किती बॅगा, किती इंधन, त्यातलं पुढे काय नि मागे काय, हे ती जुळवायची. शेवटी एक कागद निघायचा. खाली तिची सही, तिच्याखाली कॅप्टनची. त्या दोन सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. बावीस वर्षं तिनं हेच केलं, आणि स्वतः विमानात बसली असेल तीन वेळा.

आता आपल्याला वाटतं, तिकीट काढलं, चढलो, झालं. तसं नसतं हो. आपण रांगेत उभे असतो तेव्हा मागे कुणीतरी आपल्याला किलोत मोजत असतं. काट्यावर उभं करत नाहीत, तेवढी लाज राखतात. एक तक्ता असतो. मोठं माणूस, मग ते पहिलवान असो की काडी, पंचाहत्तर किलो. त्यात अंगावरचे कपडे आले, हातातली पिशवी आली. मूल असेल तर पस्तीस. मांडीवरचं बाळ दहा. खाली पोटात जाणाऱ्या बॅगा मात्र खऱ्या वजनानं. एवढं सगळं धरून बेरीज मर्यादेत बसली तर ठीक, नाहीतर काहीतरी खाली उतरवायचं.

वजनताई या बाबतीत खडूस होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. मागच्या कप्प्यात भरलेल्या बॅगा तिनं कागदावर पुढे लिहिल्या. विमानानं धावपट्टीवर नाक जरा लवकरच वर केलं. कॅप्टननं सांभाळलं, कुणाला खरचटलंही नाही, पण परत आल्यावर तो या खोलीत आला. ओरडला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या सहीवर विश्वास ठेवून मी खाली सही केली होती." बस्स, एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं, असं वजनताई नंतर सांगायची. तेव्हापासून तिच्या कागदावर अर्धा किलोही खोटा गेला नाही.

घरी ती आणि आई. दोन खोल्या, जिना चढून दुसरा मजला. नवरा फार लवकर गेला, मूल नव्हतं, ती आईकडे परत आली ती आलीच. धाकटी बहीण लग्न होऊन परदेशी. मध्ये एक देश टाकला की पलीकडचा देश धाकटीचा. वजनताईच्याच कंपनीचं विमान रोज दुपारी पावणेएकला तिकडे जायचं आणि पावणेचार तासांत पोचायचं. सकाळी इथे चहा प्यायला तर संध्याकाळचा चहा धाकटीकडे.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या सरकारचं आणि मधल्या देशाच्या सरकारचं वाजलं. कशावरून, ते पेपरवाले रोज वेगळं सांगत. त्यांनी आपल्या विमानांना त्यांचं आभाळ बंद केलं, मग आपण त्यांच्या विमानांना आपलं. लहान पोरं पाटीवर रेघ मारून "इकडे यायचं नाही" म्हणतात ना, अगदी तेच, फक्त कोट घालून. महिनाभरात मिटेल म्हणाले. महिना संपला की नवीन सूचना यायची, आणखी एक महिना. मंत्री लोकांना काय, ते बैठकीत बसून होते. फिरून जायचं होतं ते विमानांना.

आता विमान आधी खाली समुद्रापर्यंत जायचं, मग वळायचं, मग पुन्हा वर. पावणेचार तासांचे साडेसहा झाले. जास्त तास म्हणजे जास्त इंधन, आणि इंधनाला वजन असतं. विमानाची उचलण्याची ताकद तर तेवढीच. मग काय कमी करायचं? आधी मालाच्या पेट्या बंद झाल्या. तरी भागेना, तेव्हा तीसेक खुर्च्या रोज रिकाम्या जाऊ लागल्या. त्यात भर दुपारचं विमान. गरम हवेत विमान नीट उचलत नाही, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी माणसं कमी. वजनताई सकाळी उठून पहिल्यांदा आकाशाकडे बघायची.

आणि नेमकं याच वेळी धाकटीला दिवस गेलेले, नववा महिना. याआधी दोनदा घरात आनंद झाला होता आणि दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं. या खेपेला डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं. नवरा जहाजावर, भर समुद्रात. त्याला सुट्टी मिळून तो पोचायला तीन आठवडे होते. धाकटी तिकडे एकटी. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आईला पाठव गं ताई. मला फार भीती वाटतेय."

विकतची तिकिटं पंधरा दिवस आधीच संपलेली. दुसऱ्या कंपन्यांचं विमान पकडायचं तर दोन ठिकाणी बदलायचं, मध्ये चौदा तास बाकावर बसायचं. आईचे गुडघे तेवढ्या लायकीचे राहिले नव्हते. उरलं कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचं तिकीट. त्याची गंमत अशी की जागा उरली तरच बसायचं. वजन जास्त झालं की पहिली कात्री त्यांच्यावर. आणि ती कात्री कुणाच्या हातात? वजनताईच्या.

सोमवारी आई तयार होऊन विमानतळावर आली. पंधरा किलोची बॅग. बाळाची झबली, टोपडी, स्वतः शिवलेली दोन जाड दुपटी, लोकरीचे मोजे, धाकटीसाठी खाऊचे डबे. काउंटरवर वजनताईची जुनी मैत्रीण होती, तिला सगळे फटाकडी म्हणत. केस लाल रंगवलेले आणि तोंडाला लगाम नाही. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साडेबाराला येऊन सांगितलं, "मावशी, आज नाही जमत. ऊन फार आहे."

"उन्हाचा नि माझा काय संबंध?" आई म्हणाली. "मी छत्री आणलीय."

घरी आल्यावर आईनं बॅग उघडली आणि दोन डबे बाहेर काढले. वजनताई बघत होती. "आई, विमान सत्तर-ऐंशी टनांचं असतं. दोन किलोनं त्याला काय होतंय?"

"त्याला होत नसेल. मला बरं वाटतं," आई म्हणाली, आणि बॅगेची चेन लावली.

मंगळवारी पुन्हा तेच. विमान सुटल्यावर वेळ होता, म्हणून फटाकडीनं थट्टेनं आईला बॅगा मोजायच्या काट्यावर उभं केलं. "बघू या तरी, आमच्या ताईच्या तक्त्यात मावशी बसतात का." काट्यावर एक्केचाळीस आलं. फटाकडी खो खो हसली. "अगं बाई, तक्त्यात तुम्ही पंचाहत्तर आहात!"

"पंचाहत्तर?" आई काट्यावरून उतरता उतरता म्हणाली. "तारुण्यातसुद्धा नव्हते गं मी तेवढी."

वजनताई तेवढ्यात तिथे आली होती. तीही हसली. पण खोलीत परतल्यावर तो आकडा तिच्या डोक्यातून जाईना. काही वर्षांपूर्वी दवाखान्यात मोजलं तेव्हा आई बावन्न होती. मधले अकरा किलो कधी गेले? एकाच घरात, एकाच ताटाशेजारी बसून आपल्याला ते दिसलं कसं नाही? एवढ्यात फोन वाजला, दुसऱ्या विमानाचे आकडे आले, आणि तो विचार तिथेच राहिला.

त्या दिवशी धाकटीचा फोन आला तो रडतच. "यादी तूच करतेस ना ताई? तुझ्याच हातात आहे ना सगळं? मग आई का येत नाहीये?" वजनताईला सांगायचं होतं की माझ्या हातात फक्त बेरीज आहे, पण तसं बहिणीला कसं सांगणार?

बुधवारी तर जिवाला घोर लागावा असं झालं. बेरीज मर्यादेपाशी आली आणि चाळीस किलो जागा उरली. चाळीसच. आईची बॅग एव्हाना अकरा किलोवर आली होती, पण ती आधी बाजूला राहू दे, आईच बसत नव्हती. फटाकडी धावत मागच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"हे बघ, पस्तीस धर."

"कोणाला?"

"मावशींना. मूल म्हणून लिही. बॅग उद्या पाठवू. अगं, खरं वजन एक्केचाळीस आहे, काट्यावर तू पाहिलंयस. जागेपेक्षा एकच किलो जास्त! कोणाला कळणार आहे?"

वजनताईचा हात खरंच कीबोर्डवर गेला होता. हे नंतर तिनंच कबूल केलं. एक बटण दाबायचं होतं. मग तिनं हात मांडीवर घेतला. "मला कळेल," ती म्हणाली. "आणि माझ्या सहीखाली जो सही करणार आहे त्याला कळणार नाही. तेच तर वाईट."

"धन्य आहेस बाई!" फटाकडी भडकली. "आई रोज बाकावर बसून परत जातेय आणि ही आपली तक्त्याची पूजा करतेय!"

विमान चाळीस किलो रिकामं गेलं. वजनताईनं बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन पुढच्या विमानाचा कागद काढला. आता फक्त गुरुवार उरला होता.

संध्याकाळी घरी आई भाजी निवडत बसली होती. फटाकडीच्या तोंडात तीळ भिजत नसे, तेव्हा आईला सगळं कळलेलं होतंच. वजनताई समोर बसली. आईच म्हणाली, "बरं केलंस. मी काय पोर आहे होय, पोराच्या हिशेबात जायला?"

"आई, उद्याही नाही जमलं तर..."

"तर नाही जमलं. तुझ्यावर नाही हो राग." आईनं एक देठ मोडला. "मला एक सांग. पंचाहत्तर म्हणता ते कशासकट? नेसलेल्या कपड्यांसकट?"

"हो. कपडे, कोट, हातातली पिशवी, सगळं धरून."

"आणि मग अंगावरचं पुन्हा मोजत नाहीत?"

"नाही गं. अंगावरचं त्यातच आलं."

"असं होय," आई म्हणाली आणि भाजीचं ताट घेऊन उठली.

गुरुवारी सकाळी ढग आले. वजनताई गॅलरीत उभी राहून त्यांच्याकडे असं बघत होती की शेजारच्यांना वाटलं हिला वाळवणाची काळजी असेल. ऊन नाही म्हणजे विमान जास्त उचलणार. पण ऑफिसात पोचते तर वाटेतला वारा समोरून, म्हणजे इंधन जास्त. एका हातानं दिलं नि दुसऱ्या हातानं घेतलं. ती आकडे टाकत गेली. माणसं, बॅगा, इंधन, पाणी, जेवणाच्या गाड्या. बाराला शेवटचा आकडा आला. उरले एकोणऐंशी किलो. थांबलेल्यांच्या यादीत आज आई पहिली होती. आई पंचाहत्तर, बॅग अकरा. शहाऐंशी.

सात किलो जास्त. तिनं पुन्हा बेरीज केली. बेरीज बिचारी तीच येणार. सोमवारी आपण आईला हसलो होतो, दोन किलोनं काय होतंय म्हणून, ते तिला आठवलं. आईला सांगू या का, बॅग इथेच टाकून जा? ती फोन उचलणार, तोच फोन वाजला.

"ताई," फटाकडीचा आवाज भलताच बारीक झाला होता. "मावशी आल्यात. बॅग नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे आणलीच नाही. आणि एक सांगू का, त्या रात्रीतून जाड्या झाल्यात."

वजनताई धावत सुटली. बावीस वर्षांत तिला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. काउंटरजवळ आई उभी होती, पण ओळखू येईना. धाकटीनं कधीतरी पाठवलेला मोठा कोट घातलेला. कोटाच्या आत स्वेटर, त्याखाली आणखी एक. पोटाला दोन्ही दुपटी गुंडाळून वरून पट्टा बांधलेला. खिशांतून टोपड्यांच्या नाड्या लोंबत होत्या. हातातल्या छोट्या पिशवीत खाऊचा एक डबा. घामानं नुसती डबडबली होती, आणि चेहरा असा, की जणू परीक्षेत पहिली आलीय.

"काय बघतेस?" आई म्हणाली. "पंचाहत्तरची परवानगी आहे ना? अजून पन्नाससुद्धा झाले नसतील. फटाकडे, मोज हवं तर!"

फटाकडी हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, कोण जाणे. वजनताईनं आईच्या खिशातून बाहेर आलेली नाडी आत सारली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तक्त्यात मोठं माणूस पंचाहत्तर, आणि आई मोठं माणूस होती. "जा आई," ती म्हणाली. "पळ आता."

"पळते कसली, वाकता येत नाहीये," आई म्हणाली आणि झुलत झुलत गेटकडे गेली.

वजनताईनं परत येऊन पंचाहत्तर लिहिले. उरले चार. कागद निघाला, सही केली, खाली कॅप्टननं केली. पावणेएकला विमान उठलं आणि सरळ जायच्या ऐवजी समुद्राकडे वळलं. त्या दिवशी तिनं पडद्यावर विमानाचा ठिपका दर दहा मिनिटांनी पाहिला. बंद आभाळाच्या कडेकडेनं तो असा सावकाश जात होता की तिला त्या दोन्ही सरकारांना उभं करून विचारावंसं वाटलं, तुमच्या आया कधी कुठे जात नाहीत का रे?

रात्री उशिरा ती घरी आली. आईच्या पलंगावर बॅग होती. रिकामी असेल म्हणून कपाटावर टाकायला तिनं उचलली, तर हाताला जड लागली. उघडून बघते तो आत आईचे रोजचे दोन कपड्यांचे जोड, घरी घालायचा तिसरा. गुडघ्याचा पट्टा. मानेखाली घ्यायची ती लहान उशी, जिच्याशिवाय आईला झोप लागत नाही. शाल. छोटा रेडिओ. बाळाचं नि धाकटीचं जेवढं होतं तेवढं आई अंगावर घालून गेली होती, आणि स्वतःचं सगळं ठेवून गेली होती.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, पोचली गं आई! मी तिला ओळखलंच नाही. घरी आणून एकेक काढत गेले, कांद्यासारखी. आणि आत एवढीशी आई. किती बारीक झालीय गं ती! तिनं स्वतःचं काहीच आणलं नाही. माझा गाऊन दिलाय, त्यात दोनदा मावतेय."

"तिला फोन दे," वजनताई म्हणाली.

"हं, बोल," आईचा आवाज आला.

"आई, तुझं सामान इथेच आहे. पट्टा, उशी..."

"असू दे गं. घेतलं असतं तर बॅग झाली असती. जायला मिळालं नसतं." आणि मग हसून म्हणाली, "चार किलो कपड्यांवाचून माझं काय अडतंय?"

वजनताईनं फोन ठेवला. आज चार किलो जागा उरली होती, हे ती आईला बोलली नाही.

शुक्रवारी ती बॅग घेऊन ऑफिसात गेली आणि काट्यावर ठेवली. तीन किलो नऊशे. अकराला धाकटीच्या शेजारणीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप, बाळाचं वजन दोन किलो आठशे, आणि आजीनं ते ताईला आधी कळवायला सांगितलंय. वजनताईनं तो आकडा समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिला, कुठल्याही बेरजेत न धरता.

साडेबाराला कॅप्टन सहीला आला. तोच जुना, वीस वर्षांपूर्वी टेबलावर कागद ठेवणारा. आता केस पांढरे झालेले, सहीला चष्मा लागायचा. कंपनीचं टपाल रोज विमानातून जायचं, त्यात कर्मचारी काय काय सरकवत, वजनताईनं मात्र कधी साधं पाकीटही घातलं नव्हतं. आज तिनं बॅग टेबलावर ठेवली.

"ही घेऊन जाल का?" ती म्हणाली. "मर्यादेत आहे. मी लिहिलीय कागदावर. पत्ता बॅगेवर आहे."

कॅप्टननं चष्मा लावून तिची ओळ शोधली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काही मागताय. कुणाची आहे?"

"माझ्या आईची. ती काल याच विमानानं धाकटीकडे गेली." आणि मग तिला आवरेना. "एक्केचाळीस किलोची झालीय हो ती. जगाची वजनं करते मी, पण घरातलं माणूस रोज कमी होत होतं ते मला दिसलं नाही."

कॅप्टन तिचं रडं ओसरेपर्यंत उभा राहिला, मग तिच्या सहीखाली सही केली. टपालाच्या पोत्यात टाकायला बॅग दाराशी ठेवायची पद्धत होती. त्यानं ती खांद्याला लावली. लहान उशी बॅगेच्या तोंडातून डोकावत होती, ती नीट आत दाबली, चेन लावली आणि विचारलं, "त्यांना काही निरोप द्यायचा?"

वजनताईनं पदरानं तोंड पुसलं. "जेव म्हणावं," ती म्हणाली. "परत आलीस की मी तुला काट्यावर उभं करणार आहे."